नांगराची पकड

छोट्या नौकेला भर वाऱ्यात एका जागी धरून ठेवणारी शक्ती नांगराच्या वजनातून येते, ही समजूत इतकी खोल रुजलेली आहे की हौसेसाठी नौका घेणारा मनुष्य नांगर निवडताना तो प्रथम हातात उचलून पाहतो आणि जड लागला की निर्धास्त होतो. ही समजूत आकडेमोडीत टिकत नाही. नौकांची मानके ठरवणाऱ्या ‘अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिल’ या संस्थेच्या कोष्टकाप्रमाणे ३० फूट, म्हणजे सुमारे ९ मीटर लांबीच्या नौकेच्या नांगरावर १५ नॉट (ताशी सुमारे २८ किलोमीटर) वेगाच्या वाऱ्यात साधारण ८० किलोची ओढ धरावी लागते. ३० नॉटच्या वाऱ्यात ती ३१८ किलोंवर जाते आणि ४२ नॉटच्या वादळी वाऱ्यात ६३५ किलोंच्या घरात पोचते. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो, हा नियम या आकड्यांमागे आहे. या आकाराच्या नौकेवर प्रत्यक्षात असणारा नांगर मात्र फार तर १५ किलोचा असतो आणि पाण्यात बुडाल्यावर लोखंडाचे वजन सुमारे एक अष्टमांशाने घटत असल्यामुळे तळाशी त्याचा भार १३ किलोच उरतो. तेरा किलोंनी तीनशे अठरा किलो धरून ठेवायचे असतील, तर ते काम सागरतळाच्या मातीकडूनच करून घ्यावे लागते, आणि नांगराचे सारे शास्त्र म्हणजे ही माती आपल्या बाजूने कशी उभी करावी याचे शास्त्र आहे.

ही जाण आधुनिक मुळीच नाही. दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या सागरी पुरातत्त्व संशोधकांनी द्वारका, बेट द्वारका, विजयदुर्ग आणि गोव्याच्या पाण्यात जे दगडी नांगर शोधून त्यांची नोंद केली, त्यांतील काही नुसत्या भोकाच्या, केवळ वजनावर भिस्त ठेवणाऱ्या शिळा आहेत. परंतु ‘इंडो-अरेबियन’ म्हणून ओळखला जाणारा प्रकार निराळा आहे. हा चौकोनी छेदाचा, लांबट घडीव दगड असतो, त्याच्या वरच्या टोकाला दोर ओवण्यासाठी गोल भोक असते आणि खालच्या भागात एकमेकांशी काटकोन करणारी दोन चौकोनी भोके असतात. या चौकोनी भोकांतून लाकडी दांडे आरपार घालत, आणि दगडाच्या वजनाने तळाशी दाबले जाणारे हे दांडे वाळूत किंवा चिखलात रुतून पकड घेत. अरबी समुद्रात व्यापार करणाऱ्या मध्ययुगीन खलाशांनी वजन आणि रुतणे या दोन गोष्टी वेगळ्या ओळखल्या होत्या, याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा शोधण्याची गरज नाही.

पुढे लोखंडी नांगराने जे रूप घेतले ते आजही बोधचिन्हांवर आणि गणवेशांच्या बटणांवर दिसते: मधला दांडा, खाली दोन वाकडे हात, हातांच्या टोकांना पाती आणि वरच्या बाजूला हातांशी काटकोन करणारा आडदांडा. आडदांड्यामुळे नांगर तळाशी आडवा पडू शकत नाही, एक हात खाली वळतोच आणि त्याचे पाते रुतते. खडकाळ तळावर किंवा समुद्री गवताच्या दाट थरात हा नांगर अजूनही कामाचा आहे, कारण त्याचे अरुंद, टोकदार पाते गवत भेदून जाते आणि खडकाच्या फटीत अडकते. मात्र छोट्या नौकेच्या दृष्टीने त्यात दोन मोठे दोष राहतात. दोन पात्यांपैकी एकच जमिनीत असते, म्हणजे जवळजवळ अर्धे लोखंड निव्वळ ओझे म्हणून वाहावे लागते. आणि वर उभ्या राहिलेल्या दुसऱ्या हाताभोवती, नौका वाऱ्याबरोबर फिरली की, दोर गुंडाळला जातो आणि नांगर उलट्या बाजूने उपटला जातो.

या दोषांचा शास्त्रशुद्ध विचार एका भौतिकशास्त्रज्ञाने केला, आणि तो स्वतः शिडाच्या नौकेवरचा निष्णात खलाशी होता, हा नौकानयनाच्या इतिहासातील भाग्ययोग म्हणावा लागेल. केंब्रिजचे जेफ्री इंग्रॅम टेलर (१८८६–१९७५) हे द्रवगतिशास्त्रातील विसाव्या शतकातील अग्रगण्य नाव आहे. त्यांची आई गणितज्ञ जॉर्ज बूल यांची कन्या होती आणि आजी मेरी एव्हरेस्ट बूल ही भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचे प्रमुख जॉर्ज एव्हरेस्ट यांची पुतणी होती, म्हणजे हिमालयातील सर्वोच्च शिखराला ज्यांचे नाव मिळाले त्याच घराण्याशी टेलर यांचे नाते पोचते. ‘टायटॅनिक’ बुडाल्यानंतर १९१३ मध्ये उत्तर अटलांटिकमध्ये हिमनगांवर नजर ठेवण्यासाठी पाठवलेल्या ‘स्कोशिया’ जहाजावर टेलर हवामानतज्ञ म्हणून होते. १९२७ मध्ये आपल्या ‘फ्रॉलिक’ या नौकेतून पत्नीसह ते नॉर्वेच्या लोफोटेन बेटांपर्यंत जाऊन आले आणि त्या प्रवासासाठी रॉयल क्रूझिंग क्लबचा चषक त्यांना मिळाला. इतक्या लांबच्या सफरीत दोन-तीन माणसांच्या बळावर जड नांगर रोज खाली सोडणे आणि वर ओढणे किती कष्टाचे असते, हे पुस्तकात वाचून समजण्याची त्यांना आवश्यकता नव्हती.

टेलर यांनी १९३३ मध्ये पेटंट घेतलेला नांगर ‘सी.क्यू.आर.’ या नावाने बाजारात आला. त्याला आडदांडा नाही, दुसरे पाते नाही. शेतातील दोन बाजूंना माती पाडणाऱ्या फाळासारखे एकच पाते आहे आणि ते दांड्याला पक्के जोडलेले नसून बिजागरीने जोडलेले आहे. हा नांगर तळाशी पडताना कुशीवर पडतो आणि पात्याचे टोक वाळूला टेकते. ओढ सुरू झाली की टोक आत शिरू लागते, शिरता शिरता मातीचा दाब पात्याच्या एका अंगावर जास्त पडल्यामुळे संपूर्ण पाते वळून सरळ होते आणि मग जितके ओढावे तितके ते खोल जाते. पाते डाव्या-उजव्या बाजूंना सममित असल्यामुळे दोन्ही अंगांवरचा दाब तुल्य राहतो आणि नांगर उलटून बाहेर येत नाही. बिजागरीमुळे नौका थोडी इकडेतिकडे झुलली तरी दांडा तेवढा फिरतो आणि रुतलेल्या पात्याला हिसका बसत नाही. नांगराच्या पकडीचे मोजमाप त्याच्या स्वतःच्या वजनाच्या पटीत करावे, ही दृष्टी टेलर यांच्या कामामुळे छोट्या नौकांच्या जगात रूढ झाली. लॉइड्स रजिस्टरसारख्या वर्गीकरण संस्था पुढे याच पद्धतीने बोलू लागल्या: तेवढ्याच वजनाच्या साध्या बिनआडदांड्याच्या नांगराच्या किमान दुप्पट पकड देणारा तो ‘उच्च पकडशक्तीचा’ आणि चौपट देणारा तो ‘अत्युच्च पकडशक्तीचा’ नांगर.

त्यानंतरच्या काळात अमेरिकेत रिचर्ड डॅनफर्थ यांनी दोन रुंद, सपाट पाती एका आडव्या दांडीवर फिरती बसवलेला नांगर घडवला. दुसऱ्या महायुद्धात किनाऱ्याला थेट भिडणाऱ्या जहाजांनी तो मागच्या बाजूने टाकून ठेवायचा, सैन्य आणि सामान उतरवायचे आणि मग त्याच्याच आधाराने स्वतःला वाळूवरून मागे ओढून घ्यायचे, अशी त्याची योजना होती. वजनाच्या मानाने त्याची पाती मोठी असल्यामुळे स्वच्छ वाळूत त्याची सरळ ओढीतील पकड थक्क करणारी असते. ब्रिटनमध्ये १९७० च्या दशकात पीटर ब्रूस यांनी उत्तर समुद्रातील तेलविहिरींच्या तरंगत्या फलाटांसाठी तीन नख्यांचा, एकसंध ओतीव नांगर तयार केला आणि त्याची छोटी आवृत्ती यॉटवर आली. ती पटकन रुतते आणि खडकाळ जागीही काहीतरी धरते, परंतु आकाराच्या मानाने तिची अंतिम पकड बेताची आहे.

खरी झेप गेल्या तीन-चार दशकांत पडली. टेलर यांच्या फाळाची दोन्ही अंगे बाहेर उतरती असल्यामुळे घट्ट वाळूत तो माती बाजूला सारत पुढे घसरू शकतो, आणि त्याचे टोक कठीण तळात शिरण्याआधी कित्येकदा बरेच अंतर फरफटते. जर्मनीतील रोल्फ काचिरेक यांनी सपाट, टोकदार पात्याच्या मागच्या बाजूला एक कमान जोडली. तिच्यामुळे नांगर कसाही पडला तरी गडगडून टोकावरच येतो. फ्रान्समधील अलँ पॉइरो यांनी पात्याला आतून खोलगट आकार दिला आणि टोकात शिसे भरले. न्यूझीलंडमधील पीटर स्मिथ यांच्या ‘रॉक्ना’ या नांगरात खोलगट पाते आणि कमान या दोन्ही कल्पना एकत्र आल्या. खोलगट पाते माती बाजूला सारण्याऐवजी ती आपल्या पोटाशी दाबून घेते, आणि टोकावर भार एकवटल्यामुळे ते कठीण वाळूही चटकन भेदते. नौकानयनाच्या नियतकालिकांनी घेतलेल्या तुलनात्मक चाचण्यांत या नव्या पिढीच्या नांगरांनी जुन्या फाळाच्या नांगरांना सातत्याने मागे टाकले आहे, आणि नौकेवर एकच मुख्य नांगर ठेवायचा असेल तर आज तो या कुळातलाच असावा, असे निःसंदिग्धपणे म्हणता येते. किंमत जास्त पडते, हे खरे. पण नौकेवरील ज्या वस्तूवर झोपलेल्या माणसांचे प्राण अवलंबून असतात तिच्या बाबतीत काटकसर करण्याचे कारण नाही.

तरीही तळ कोणता आहे हे पाहिल्याशिवाय नांगराचा विचार पूर्ण होत नाही. सागरी नकाशावर खोलीच्या आकड्यांशेजारी तळाचा प्रकार अक्षरांनी दिलेला असतो (भारतीय किनाऱ्याचे नकाशे डेहराडून येथील राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालय प्रसिद्ध करते), आणि ती अक्षरे खोलीइतक्याच काळजीने वाचावी लागतात. घट्ट वाळू हा सर्वांत विश्वासाचा तळ. कोकणच्या खाड्यांत आणि मुंबई बंदरात जो मऊ, दाट चिखल आहे त्यात जवळजवळ कोणताही नांगर शिरतो, परंतु मातीलाच बळ नसल्यामुळे पकड पात्याच्या क्षेत्रफळावर आणि कोनावर ठरते. डॅनफर्थच्या धर्तीवर ॲल्युमिनियममध्ये बनवलेल्या ‘फोर्ट्रेस’ नांगराचे पाते म्हणूनच दोन कोनांत बसवता येते, वाळूसाठी ३२ अंश आणि मऊ चिखलासाठी ४५ अंश; तोच नांगर चुकीच्या कोनात ठेवला तर चिखलात त्याचा उपयोग बराच कमी होतो. उघड्या खडकावर मात्र कोणत्याही नांगराची पकड हा योगायोगाचा भाग असतो, आणि तेथे अडकलेला नांगर सुटतही नाही.

कोकणच्या किनाऱ्यावर आणखी एक अडचण निसर्गानेच ठेवलेली आहे. दिवसा समुद्राकडून जमिनीकडे येणारे खारे वारे रात्री मतलई होऊन उलट दिशेने वाहू लागतात, आणि खाडीच्या तोंडाशी भरती-ओहोटीचा प्रवाह सुमारे सहा-सहा तासांनी दिशा बदलतो. त्यामुळे दुपारी एका बाजूने खोल रुतलेल्या नांगरावर मध्यरात्री नेमकी विरुद्ध बाजूची ओढ येते. अशा वेळी नांगर जमिनीतच हळूहळू फिरतो, किंवा त्याला उपटून पुन्हा रुतावे लागते. डॅनफर्थचा दोष येथे उघड होतो: त्याच्या दोन पात्यांमध्ये एखादा दगड, शिंपला किंवा चिखलाचा गोळा अडकला की फिरती पाती जागीच आवळली जातात आणि उपटलेला नांगर तळावरून नुसता सरकत राहतो. सरळ ओढीत सर्वांत जोरदार ठरणारा नांगर रात्रभर मुक्कामासाठी सर्वांत सुरक्षित असेलच असे नाही. त्याची खरी जागा दुसऱ्या, मदतीच्या नांगराची आहे.

नांगराइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, महत्त्व त्याला नौकेशी जोडणाऱ्या साखळी-दोराला आहे, आणि हौशी नौकानयनात सर्वाधिक हयगय येथेच होते. सर्व रुतणारे नांगर ओढ आडवी, तळाला जवळजवळ समांतर असेल तरच खोल जातात. ती वरच्या दिशेने आली की तेच पाते बाहेर उचलले जाते. म्हणून सोडलेल्या दोराची लांबी आणि पाण्याची खोली यांचे गुणोत्तर, ज्याला दोराचे प्रमाण म्हणता येईल, ते निर्णायक ठरते. ही खोली तळापासून नौकेच्या नाळेपर्यंत, म्हणजे दोर जेथून बाहेर पडतो तेथपर्यंत मोजायची असते. ताणलेला सरळ दोर खोलीच्या तिप्पट असेल तर तळाशी ओढीचा कोन सुमारे १९ अंश होतो, पाचपट असेल तर साडेअकरा अंश आणि सातपट असेल तर आठ अंश.

साखळी जड असल्यामुळे ती मध्ये झोळ घेते, तिचा खालचा भाग तळावर पडून राहतो आणि ओढ आडवी राहते, हे सर्वज्ञात आहे. लोंबत्या साखळीच्या या वक्राचे समीकरण १६९१ मध्ये लायब्निट्स, हॉयगेन्स आणि योहान बर्नुली यांनी मांडले होते. त्या समीकरणात आकडे घालून पाहिले की या झोळाच्या मर्यादा ध्यानात येतात. आठ मिलिमीटर जाडीची साखळी पाण्यात दर मीटरला सुमारे सव्वा किलो भरते. नाळेपासून तळ ६ मीटर खोल असताना वर सांगितलेल्या ९ मीटरच्या नौकेला ८० किलोच्या ओढीत नांगरापाशी साखळी आडवी राहण्यासाठी सुमारे २८ मीटर साखळी सोडावी लागते, ३१८ किलोंच्या ओढीत ५६ मीटर आणि वादळी ६३५ किलोंच्या ओढीत जवळपास ८० मीटर. साध्या वाऱ्यात जे प्रमाण पाचपट पुरते ते वादळात तेरापट लागते. अर्थात, जोराच्या वाऱ्यात साखळीचा झोळ जवळजवळ संपतो आणि ती काठीसारखी ताठ होते. त्या क्षणी लाटेचा प्रत्येक हिसका थेट नांगरावर आणि नाळेवरील खुंट्यावर पोचतो. यावर उपाय नायलॉनचा. नायलॉनचा दोर ताणला जातो आणि हिसका पोटात घेतो, म्हणून संपूर्ण साखळी असणाऱ्या नौकेवरही काही मीटर नायलॉनचा दोर साखळीला आकड्याने अडकवून ताण त्याच्यावर घेतात. आणि ज्या नौकेवर दोर मुख्य आहे तिथे नांगराजवळचा निदान नौकेच्या लांबीइतका भाग साखळीचा ठेवतात, कारण तळावरील शिंपल्यांवर आणि खडकांवर घासून नायलॉन कापला जातो.

मुंबईच्या पाण्यात हे गणित भरतीमुळे आणखी कठोर होते. उधाणाच्या दिवसांत तेथे भरती-ओहोटीतील फरक ४ ते ५ मीटरचा असतो. ओहोटीच्या वेळी ३ मीटर पाण्यात नांगर टाकला, नाळेची उंची १ मीटर धरली आणि पाचपटीच्या हिशेबाने २० मीटर दोर सोडला, तर सहा तासांनी पाणी साडेचार मीटरने चढल्यावर तोच दोर खोलीच्या केवळ २.३५ पट उरतो आणि ओढीचा कोन २५ अंशांवर जातो. कोणी काहीही न करता चांगला नांगर निकामी होतो. म्हणून हिशेब नेहमी येणाऱ्या भरतीच्या खोलीवरून करायचा. वरील उदाहरणात साडेबेचाळीस मीटर दोर सोडावा लागतो, आणि ओहोटीच्या वेळी तेवढ्या दोरावर नौका सुमारे ५० मीटर त्रिज्येच्या वर्तुळात फिरू शकते, हे ध्यानात घेऊन शेजारच्या नौका, खडक आणि उथळ जागा यांपासून अंतर ठेवायचे. नांगर टाकायच्या जागेची निवड म्हणजे मुख्यतः या वर्तुळाची निवड असते.

प्रत्यक्ष नांगर टाकताना नौका वाऱ्याच्या किंवा प्रवाहाच्या, ज्याचा जोर अधिक असेल त्याच्या, तोंडाकडे वळवून पूर्ण थांबवतात आणि ती मागे सरकू लागली की नांगर तळाला टेकेपर्यंत सावकाश सोडतात. तो फेकून देणे आणि त्याच्यावर सगळी साखळी एकदम ओतणे ही नेहमीची चूक आहे, कारण ढिगात पडलेली साखळी दांड्याभोवती गुंतते. नौका मागे जाईल तसा दोर सोडत, मधून मधून तो किंचित रोखत, ठरवलेल्या लांबीला पोचल्यावर तो खुंट्याला बांधतात आणि मग इंजिन उलट्या गतीत, आधी मंद आणि नंतर वाढवत, चालवून नांगर मुद्दाम रुतवतात. या वेळी ताणलेल्या साखळीवर हात ठेवला तर तळाशी काय चालले आहे ते कळते: नांगर घसरत असेल तर साखळीतून थरथर आणि लहान लहान ठोके हाताला जाणवतात, तो रुतला की थरथर थांबते, साखळी घट्ट होते आणि नौका क्षणभर पुढे ओढल्यासारखी होऊन स्थिर राहते. त्यानंतर बाजूला, किनाऱ्यावरच्या दोन खुणा, उदाहरणार्थ एखादे देऊळ आणि त्यामागचा डोंगरमाथा, एका रेषेत पाहून ठेवतात. उलट्या इंजिनाचा जोर असतानाही त्या रेषेतून सरकल्या नाहीत तर नांगराने धरले आहे. फोनवरील जीपीएसचा धोक्याचा इशारा उपयोगी असतो, मात्र या दोन खुणांची जागा तो घेऊ शकत नाही. समुद्रातील टक्कर टाळण्यासाठी असलेल्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे नांगरलेल्या नौकेने दिवसा काळा गोळा आणि रात्री सर्व दिशांनी दिसणारा पांढरा दिवा दाखवायचा असतो. ७ मीटरपेक्षा लहान नौकेला अरुंद मार्ग, बंदराचा रस्ता आणि रहदारीची जागा यांपासून दूर असतानाच यातून सूट आहे.

नांगर कोठे टाकू नये, याचाही एक नियम पाळला गेला पाहिजे. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात १९८७ मध्ये मालवण सागरी अभयारण्य घोषित झाले, कारण तेथील खडकांवर प्रवाळ वाढतात. प्रवाळाची वसाहत वर्षाला काही मिलिमीटर किंवा सेंटिमीटरच वाढते, आणि एक ओढला गेलेला नांगर व त्यामागून फरफटणारी साखळी ती मिनिटाभरात मोडून टाकतात. प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे कायद्याचे संरक्षण त्यांना वाघाच्या बरोबरीचे आहे. अशा ठिकाणी कायमच्या बोयांना नौका बांधणे, आणि बोया नसतील तर प्रवाळाबाहेरच्या वाळूतच नांगरणे, हाच मार्ग योग्य आहे.

शेवटी सर्वांत लहान वस्तूंची गोष्ट राहते. नांगर आणि साखळी यांना जोडणाऱ्या शॅकलची आट्याची खीळ नौकेच्या सततच्या हेलकाव्यांनी सैल होऊन गळून पडू शकते, म्हणून तिच्या डोळ्यातून गंज न चढणारी तार ओवून ती शॅकलच्या दांड्याला पक्की बांधतात. शॅकल साखळीच्या ताकदीचा, शिक्का असलेला घेतात, बाजारात मिळणारा चकचकीत शोभेचा नव्हे. साखळीचे दुसरे टोकही नौकेच्या आत शॅकलने कायमचे जखडत नाहीत, तर डेकवर येऊन पोचेल इतक्या लांबीच्या मजबूत दोराने बांधतात. रात्री वारा फिरून नौका खडकाकडे रेटली जाऊ लागली, आणि नांगर उचलायला वेळ उरला नाही, तर तो दोर सुऱ्याने कापून नांगर सोडून देता येतो. सुटणाऱ्या टोकाला आधीच एक बोया अडकवला असेल तर उजाडल्यावर नांगर आणि साखळी दोन्ही परत मिळवता येतात.